नाण्यांचा डबा विकायला काढण्याआधी

जुनी नाणी म्हणजे गुंतवणूक, हे मत आता मोठ्या शहरांतल्या लिलावांपुरते राहिलेले नाही. यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीपर्यंत ते मोबाइलवरून येऊन पोहोचले आहे. ते मांडणाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात असे: सोने वाढते, जमीन वाढते, तशी जुनी नाणीही वाढतात. घरोघरी डब्यात आणि देव्हाऱ्यात पडून असलेली नाणी ही झोपलेली पुंजी आहे, तिला जागे करा. तिच्याकडे नुसता छंद म्हणून पाहणे हा भाबडेपणा आहे, कारण ज्यातून पैसा उभा राहत नाही असा छंद गरीब घराला परवडत नाही.

शेवटचे वाक्य ऐकताना खरे वाटते. कापूस आणि सोयाबीनच्या भावावर वर्ष काढणाऱ्या गावात तर फारच खरे वाटते, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे भाग आहे. माझे म्हणणे याच्या नेमके उलटे आहे. नाण्यांच्या बाबतीत साध्या घराला परवडतो तो छंदच. परवडत नाही ती गुंतवणूक.

आधी डब्यात काय असते ते पाहू. या भागातल्या जुन्या घरात बहुधा दोन-चार राणीछाप किंवा राजाछाप रुपये निघतात. तांब्याचा जाडजूड ढब्बू निघतो, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला मध्ये भोक असलेला पैसा निघतो, १९५० चा घोड्याचा पैसा निघतो. अ‍ॅल्युमिनियमचे एक, दोन, तीन पैसे तर मूठभर असतात. कमळाचे पिवळे वीस पैसे असतात. ३० जून २०११ पासून व्यवहारातून गेलेले चार आणे असतात, जे आज शाळेत जाणाऱ्या मुलांनी कधी खर्चलेच नाहीत. आणि या सगळ्यांत एखादा तरी रुपया असा असतो, ज्यावर राजाचा चेहरा नसून चारमिनार असतो.

हा चारमिनारचा रुपया इथे कसा आला, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फुलसावंगीच्या जवळ पैनगंगा आहे आणि पैनगंगेच्या पलीकडे माहूर. आज ही दोन जिल्ह्यांची हद्द आहे, पण १९४८ पर्यंत ती दोन राजवटींची हद्द होती. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे निजामाचे संस्थान. वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचेच होते. १८५३ मध्ये त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला, १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने त्यांना दिला गेला, तरी नाममात्र सार्वभौमत्व हैदराबादचेच राहिले; इतके की १९३६ मध्ये निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. म्हणजे जुन्या पुसद तालुक्यातल्या माणसाचा नावाचा राजा हैदराबादला आणि खिशातला रुपया मात्र इंग्रजांचा, म्हणजे कलदार. तोच माणूस माहूरच्या रेणुकेच्या दर्शनाला किंवा बैल विकत घ्यायला नदीपार गेला की तिथे निजामाचा हाली सिक्का, म्हणजे हा चारमिनारचा रुपया चालायचा. नदी ओलांडली की रुपया बदलायचा.

आणि बदलताना बट्टा लागायचा. साधारण हिशेब असा होता की हालीचे सात रुपये म्हणजे कलदार सहा. हा दर कुठून आला, हे डब्यातली दोन नाणी आणि सराफाचा काटा यांच्यावरून मुलांना घरातच दाखवता येते. कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, आणि त्यात शेकडा ९१.७ चांदी. गुणाकार केला की शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम निघते. चारमिनारचा रुपया ११.१८ ग्रॅमचा, त्यात चांदी शेकडा ८१.८, म्हणजे शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅम. आता ९.१४ ला १०.६९ ने भागा. उत्तर ०.८५५ येते. सहाला सातने भागा. ०.८५७ येते. नदीकाठच्या बाजारात बैलांच्या सौद्यात जो बट्टा ठरत होता, त्याच्या तळाशी दोन टांकसाळींनी घातलेल्या चांदीचे माप होते. अपूर्णांक आणि टक्केवारी शिकणाऱ्या मुलाला याहून चांगला धडा मला माहीत नाही, आणि तो धडा फुलसावंगीचा आहे, पैनगंगेच्या काठचा आहे. पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या मुलाला तो स्वतःच्या घरच्या डब्यातून सहसा मिळणार नाही.

चारमिनारचे नाणे १९०३ च्या सुमारास महबूब अली खान यांच्या काळात सुरू झाले आणि पुढे उस्मान अली खान यांच्या काळात चालू राहिले. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक लहानसे फारसी अक्षर असते: महबूब यांच्यासाठी मीम, उस्मान यांच्यासाठी ऐन. गावात उर्दू वाचणारी माणसे आहेत. एखाद्या मुलाने नाणे घेऊन शेजारच्या घरी जावे आणि कमानीतले अक्षर वाचून घ्यावे, एवढ्या निमित्ताने दोन घरांत जे बोलणे होते, त्याला मी या छंदाची मोठी कमाई मानतो.

आता हीच दोन नाणी गुंतवणुकीच्या नजरेने पाहा. कलदार रुपया कोट्यवधींनी पाडला गेला, हालीचाही तुटवडा नाही. दोन्ही नाणी हाताळून झिजलेली. व्यापारी ती तराजूत टाकतो, चांदीच्या भावाने किंवा त्याहून थोड्या अधिकाने पैसे देतो आणि विषय तिथे संपतो. नदी, बट्टा, कमानीतले अक्षर यांतल्या कशाचाही त्या भावाशी संबंध नाही. याचा अर्थ व्यापारी लबाड आहे असा नाही. बाजार विचारतो तो प्रश्न एकच असतो, आणि आमच्या घरातल्या बहुतेक नाण्यांकडे त्या प्रश्नाचे उत्तर फार छोटे असते.

इथे गुंतवणूकवाल्यांचा पहिला मुद्दा येतो: जुने ते दुर्मीळ आणि दुर्मीळ ते महाग. यातली दोन्ही पावले चुकीची आहेत. वय आणि दुर्मीळपणा यांचा सरळ संबंध नाही. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची, मौर्यकाळातली आहत नाणी इतकी सापडली आहेत की त्यांतली साधी नाणी आजही सामान्य माणसाच्या आवाक्यात आहेत. उलट १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया अगदी थोडा पाडला गेला, म्हणून तो महाग. आणि महाग म्हणून त्याच्या बनावटीही फार. राणीछाप रुपयावर १८६२ हे साल दिसले की लोक हरखतात. पण १८६२ हे साल ठशावर तसेच ठेवून १८७४ पर्यंत रुपये पाडले जात होते. मुंबईच्या टांकसाळीने खरे वर्ष ओळखता यावे म्हणून बारीक टिंबे घातली. ती टिंबे भिंगाखाली मोजणे हा घरातल्या चौघांनी मिळून करण्याचा सुंदर उद्योग आहे. ‘१८६२ चा रुपया, दीडशे वर्षे जुना, किंमत सांगा’ म्हणणाऱ्याला मात्र ती टिंबे दिसतही नाहीत.

दुसरे म्हणजे अवस्था. नाण्याच्या बाजारात झिजलेले आणि न झिजलेले यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो. आमच्या घरांत दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाआधी नाणी चिंचेने, राखेने घासून लख्ख करतात. संग्राहकाच्या लेखी असे घासलेले नाणे बिघडलेले. यात कुणी काही चुकले असे मी म्हणणार नाही. ती नाणी पूजेसाठी होती, पूजेत वापरली गेली. पण पिढ्यान्‌पिढ्या चिंचेने घासलेल्या रुपयाला ‘लाखमोलाची ठेव’ म्हणणे म्हणजे त्या घराला खोटी आशा दाखवणे आहे.

कमळाच्या वीस पैशांचेही तसेच. त्यांत सोने आहे ही समजूत मी लहानपणापासून ऐकत आलो. हे नाणे १९६८ ते १९७१ या काळातले. त्यात सुमारे ९२ टक्के तांबे आहे, बाकी अ‍ॅल्युमिनियम आणि निकेल. पिवळा रंग या मिश्रणाचा. सोन्याचा कणही नाही.

ही खोटी आशा कुणाला तरी उपयोगी पडते, आणि माझा खरा राग तिथे आहे. वैष्णोदेवीचे पाच किंवा दहा रुपयांचे नाणे असेल तर लाखो मिळतील. ७८६ आकडा असलेली नोट असेल तर लाखो मिळतील. ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट असेल तर लाखो मिळतील. असे निरोप आणि असे व्हिडिओ घरोघर फिरत असतात. वैष्णोदेवीचे नाणे हे देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त काढलेले, अगदी अलीकडचे, रोजच्या चलनात फिरणारे नाणे आहे. माणूस फोन करतो. समोरचा भाव ठरवतो, मग नोंदणीचे पैसे मागतो, मग कराचे, मग कुरिअरचे, मग ‘रिझर्व्ह बँकेच्या परवान्याचे’. प्रत्येक वेळी रक्कम थोडी वाढते आणि आधी भरलेले बुडू नये म्हणून माणूस पुढचे भरतो. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर निवेदन काढावे लागले की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी बँकेचा काही संबंध नाही, बँक त्यासाठी कोणतेही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि कुणालाही तसे अधिकार दिलेले नाहीत.

या फसवणुकीतच नाण्यांची आणखी एक जात आहे: ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ असे लिहिलेली आणि रामदरबार किंवा हनुमान असलेली तांब्या-पितळेची नाणी. कंपनीने अशी नाणी पाडलीच नाहीत. हे अलीकडे बनवलेले बिल्ले आहेत. त्यांतलेच एखादे ‘राईस पुलर’ म्हणून विकतात. त्याच्याकडे म्हणे तांदळाचे दाणे ओढले जातात आणि परदेशातल्या शास्त्रज्ञांना ते कोट्यवधी रुपयांना हवे असते. या थापेपायी महाराष्ट्रात लोकांनी जन्माची पुंजी घालवली आहे.

गुंतवणूकवाले यावर म्हणतात की फसवणूक वेगळी, गुंतवणूक वेगळी. चोर आहेत म्हणून बाजार वाईट ठरत नाही. हे मला पटत नाही. फसवणाऱ्याला गावात येऊन काही पेरावे लागत नाही. ‘तुमच्या डब्यात लाखोंची ठेव आहे’ हा विश्वास आधीच पेरलेला असतो, आणि तो प्रतिष्ठित माणसांनी, लेखांतून आणि भाषणांतून, भल्या हेतूने पेरलेला असतो. चोर फक्त कापणीला येतो. आणि उलटे पाहा: ज्या घरात नाणी वाचायची सवय आहे, ज्या घरातल्या मुलीला ठाऊक आहे की सालाखाली हिऱ्याची खूण असेल तर नाणे मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, गोल ठिपका असेल तर नोएडाचे आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे, त्या घरात ‘तारा असलेले नाणे दुर्मीळ आहे’ ही थाप टिकत नाही. ज्या घराला ठाऊक आहे की कंपनीची साऱ्या मुलखासाठी एकसारखी नाणी १८३५ च्या कायद्यानंतर आली, त्या घरात १८१८ चा हनुमान कुणी खपवू शकत नाही. पैसा वाचवण्याच्या दृष्टीनेही छंद हाच चांगला राखणदार आहे.

आता प्रामाणिक गुंतवणूकदाराकडे वळतो. तो म्हणतो, थापा सोडा, चांदीचे बोला. चांदीचा भाव गेल्या काही वर्षांत किती चढला पाहा. ते खरेच आहे. पण मग ती चांदीतली गुंतवणूक झाली. चांदी घ्यायची तर चांदी घ्यावी. शुद्धता लिहिलेली, सहज विकता येणारी. जुना रुपया चांदी म्हणून घेणाऱ्याला आधी हे तरी माहीत हवे की १९४० पासून ब्रिटिश रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया पूर्ण निकेलचा आहे. राजाछाप म्हणजे चांदीच, असे समजून १९४४ चा रुपया घेणारा अर्ध्या चांदीला पुरे पैसे मोजतो. शिवाय नाणे घेतानाचा भाव आणि विकतानाचा भाव यांत मोठी दरी असते. शेअरला रोजचा जाहीर दर आहे, सोन्याला आहे, कापसाला बाजार समितीत लिलाव आहे. हाताळलेल्या जुन्या नाण्याला असा जाहीर दर नाही. समोरचा जाणकार जे देईल ते. जिथे एका बाजूला माहिती आहे आणि दुसऱ्या बाजूला फक्त आशा आहे, अशा सौद्याला महागावच्या शेतकऱ्याची गुंतवणूक म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

शहरातल्या पैसेवाल्यालाही ते नेहमी साधत नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात नाण्यांची प्रत ठरवून ती प्लास्टिकच्या कवचात बंद करणाऱ्या कंपन्या निघाल्या. प्रत ठरली म्हणजे नाणे शेअरसारखे न पाहताही घेता येईल, असे सांगितले गेले. वॉल स्ट्रीटवरच्या बड्या संस्थांनी नाण्यांचे फंड काढले. १९८९ च्या मध्यापर्यंत भाव चढत गेले आणि मग कोसळले. त्या देशात संग्राहकांच्या संघटना आहेत, छापील दरपत्रके आहेत, दाद मागायला न्यायालये जवळ आहेत. तरी हे झाले. ८ जून २०२१ रोजी न्यूयॉर्कमध्ये १९३३ चे एक सोन्याचे नाणे १ कोटी ८८ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले, ही बातमी आपल्याकडेही वाचली गेली. ते नाणे इतके महाग का, तर त्या सालची जवळजवळ सगळी नाणी सरकारने वितळवली आणि खासगी माणसाला कायद्याने बाळगता येईल असे ते एकच राहिले. त्या एका नाण्याच्या बातमीवरून आपल्या डब्याचा अंदाज बांधणे सर्वस्वी चुकीचे आहे.

टांकसाळीच्या नव्या स्मारक नाण्यांबद्दल फार लिहीत नाही. २०२३ मध्ये नव्या संसद भवनाच्या वेळी निघालेले ७५ रुपयांचे नाणे ३५ ग्रॅमचे, निम्म्या चांदीचे. ते बाजारात खर्चायला नाहीच. आवडले तर जरूर घ्यावे. पण ‘पुढे दहापट होईल’ म्हणून मुलांच्या शिक्षणाचे पैसे त्यात घालू नयेत.

आतापर्यंत मी घराच्या नुकसानीचे बोललो. गुंतवणुकीच्या या दृष्टीने सगळ्यांचेच जे नुकसान होते, ते मला त्याहून मोठे वाटते. आमच्या शेजारच्या वाशिम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळा हे गाव आहे. १९३९ मध्ये, तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात असलेल्या या गावी सातवाहनांच्या सुमारे १६०० नाण्यांचा साठा सापडला. नाणी पोटिनची, म्हणजे तांबे, कथील, शिसे यांच्या हलक्या मिश्रणाची. सोने नाही, चांदी नाही. नागपूरच्या वा. वि. मिराशी यांनी त्यांचा अभ्यास केला आणि त्या नाण्यांवर असे सातकर्णी वाचले गेले, ज्यांची नावे पुराणांतल्या वंशावळींत नाहीत: कुंभ, कर्ण, शक. विदर्भाच्या इतिहासाचा एक हरवलेला तुकडा या हलक्या नाण्यांनी परत दिला. तो साठा एकत्र होता म्हणूनच कोणते नाणे कुणाच्या आधीचे, कुणाची किती, हे ताडता आले.

नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा निघाला. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एक नाणे हातात घेतले तर ते एक पुनर्मुद्रित नाणे. तेरा हजारांचा ढीग एकत्र पाहिला तर नहपानाच्या क्षहरात घराण्याचा पराभव आणि त्यांच्या खजिन्यावर नव्या राजाची सत्ता. हा साठा जर ‘गुंतवणूक’ म्हणून मुठी-मुठीने विकला गेला असता, तर प्रत्येक मालकाकडे एकेक चांदीचा तुकडा राहिला असता आणि महाराष्ट्राकडे काहीच नाही.

असे साठे आजही वावरात नांगराच्या फाळाला लागतात, जुन्या वाड्याचा पाया खणताना निघतात. त्यांचे काय करायचे याचा कायदा १८७८ पासून आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण हाच कायदा सापडणाऱ्याच्या हक्काचीही दखल घेतो, आणि सरकारने धन ठेवून घेतले तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश द्यावे असे सांगतो. लोकांना पहिला भाग भीतीच्या रूपात माहीत असतो, दुसरा कुणी सांगत नाही. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात. ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत आणि त्यांचा धंदा करायला परवाना लागतो. नाण्यांत पैसा गुंतवा म्हणणाऱ्यांच्या भाषणात हे कायदे आलेले मी ऐकले नाहीत.

आता त्यांचा शेवटचा आणि सर्वांत माणुसकीचा मुद्दा. ते विचारतात, गरज पडली तर माणसाने काय करायचे? पेरणी तोंडावर आली, दवाखान्याचा खर्च उभा राहिला, तर डब्यातले रुपये इतिहास म्हणून कुरवाळत बसायचे का? नाही. विकावेत. आमच्या भागात चांदीचा रुपया नेहमीच अडीअडचणीचा सोबती होता. बंजारा तांड्यांवर आणि गोंड पाड्यांवर बायकांनी रुपये गळ्यात घातले, कपड्यांवर शिवले. तो दागिना होता, तिची स्वतःची पुंजी होती आणि अंगावर असल्यामुळे तिच्या ताब्यात होती. दुष्काळात त्या माळेतला एकेक रुपया निघाला असेल. त्या बाईने चांदी चांदी म्हणून ठेवली आणि चांदी म्हणून मोडली. तिला कुणी खोटी आशा दाखवली नव्हती. विकायचे तर आजही असेच विकावे: स्वतः काट्यावर तोलून, दोन-तीन सराफांना विचारून, समोरासमोर, पावती घेऊन. फोनवर, आगाऊ पैसे भरून कधीही नाही.

पण गरजेपोटी विकणे ही एक गोष्ट आणि विकण्यासाठीच जमवणे ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीचा घरावर काय परिणाम होतो, ते नीट पाहायला हवे. डबा ‘गुंतवणूक’ झाला की त्याला कुलूप लागते. मुलांनी हात लावायचा नाही, नाण्याची प्रत उतरेल. शेजाऱ्याला दाखवायचे नाही, नजर लागेल. भावाभावांत वाटणीचा प्रश्न उभा राहतो आणि ज्या आजीने तो डबा सांभाळला तिला विचारले जाते ते एवढेच, की अजून कुठे काही ठेवले आहे का. छंदाच्या घरात तोच डबा जमिनीवर सांडलेला असतो आणि आजी सांगत असते की ढब्बूत काय काय यायचे, चौसष्ट पैशांचा रुपया १ एप्रिल १९५७ पासून शंभर नव्या पैशांचा झाला तेव्हा बाजारात किती गोंधळ उडाला. ते सांगायला फुलसावंगीत आज फार थोडी माणसे उरली आहेत. नाणी राहतील, धातू टिकतो. सांगणारे राहणार नाहीत.

मुले किमतीशिवाय लक्ष देत नाहीत, असे म्हणतात. मुलांना तसा दोष देऊ नये. कुणी दाखवले तर मुले पाहतात. १९७० च्या वीस पैशांवर ‘सर्वांसाठी अन्न’ अशा अर्थाची घोषणा आहे, १९७३ च्या पन्नास पैशांवर ‘अधिक अन्न पिकवा’ अशी. ही नाणी शेजारी शेजारी ठेवा आणि विचारा, सरकारला नाण्यावर अन्न का लिहावे लागले? उत्तर शोधताना १९७२ चा दुष्काळ येईल, सुकडी येईल, खडी फोडायला गेलेली पणजी येईल. त्या काळात राज्याचे मुख्यमंत्री याच पुसदच्या मातीतले, गहुलीचे वसंतराव नाईक होते, हेही येईल. हे चार आण्याला न विकले जाणारे नाणे पाहून जर एखादी मुलगी आपल्या पणजीच्या हाताला पडलेल्या घट्ट्यांपर्यंत पोहोचत असेल, तर त्यावर अधिक परतावा कुठला मागायचा?

छंद वाढवायला पैसा फारसा लागत नाही. एक वही, एक भिंग आणि कोरडी कागदी पाकिटे पुरतात. प्लास्टिकच्या स्वस्त पिशव्यांनी धातू खराब होतो, म्हणून त्या टाळाव्यात. नाणे घासू नये, कडेने धरावे. नागपूरला जाणे झाले तर मुलांना अजब बंगल्याच्या संग्रहालयात न्यावे; नाशिकला गेलात तर अंजनेरीला भारतीय मुद्राशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय आहे, मुंबईत रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आहे. कुणाला पुढे जाऊन खरा संग्राहक व्हायचे असेल, ठरावीक काळाची किंवा टांकसाळीची नाणी विकत घ्यायची असतील, तर जरूर घ्यावीत. तेही आवडीपोटी, आणि गेले तरी चालतील अशा पैशांतून. अशा संग्राहकाच्या नाण्यांना उद्या चांगली किंमत आली तर मला आनंदच होईल. ती किंमत त्याच्या वर्षानुवर्षांच्या वाचनाची असेल.

महागाव, उमरखेड, पुसद, माहूर या पट्ट्यातल्या वाचकांना माझी विनंती आहे. या दिवाळीत लक्ष्मीपूजन झाल्यावर नाणी परत कपाटात ठेवण्याआधी ती मुलांसमोर मांडा. प्रत्येकाचे वजन, साल, खूण आणि ते घरात कुणाकडून आले, हे घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारून वहीत लिहा. किंमत हा रकाना वहीत ठेवू नका. आणि वावरात कधी नाण्यांचे मडके लागले, तर त्यातले एकही नाणे बाजूला न काढता जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा.